गाडी खोटं बोलायलीय

दोन वर्षांपूर्वी, तीन मार्चला, सकाळी साडेआठ वाजता मिस्तरींनी रबरी नळीचे एक टोक स्वतःच्या कानात घातले, दुसरे कारबोरेटरच्या तोंडाशी धरले आणि डोळे मिटले. इंजिन सुरू होते. बॉनेटखालच्या धगीने त्यांचा चेहरा घामेजला होता, तरी ते हलले नाहीत. एरवी क्षणभरही स्थिर न राहणारा हा माणूस या एकाच अवस्थेत स्थिर होत असे.

"बोलायलीय," ते म्हणाले. मग नळी काढून माझ्याकडे पाहिले. "पण खोटं बोलायलीय."

हे वाक्य मी दिवाळीपासून ऐकत होतो. त्या सकाळी मात्र त्याला वजन होते. माझी गाडी पोखर्णीला जाऊन, वाटेत बंद न पडता, परभणीला परत आली, तर त्यांचे दुकान चालू राहणार होते. वाटेत बंद पडली, तर दुकानाची किल्ली त्यांच्या मुलाच्या हाती जाणार होती. अट मुलाने घातली नव्हती. त्यांनी स्वतःच घातली होती.

सगळे त्यांना मिस्तरी म्हणत. मीही म्हणत असे. गंगाखेड रस्त्याला त्यांचे दुकान होते: एक शटर, समोर लिंबाचे झाड, आणि झाडाखाली दुरुस्तीला आलेल्या मोटारसायकली. चारचाकी म्हणाल तर माझी एकच. ती माझ्या वडिलांनी वकिली जोरात असताना घेतली. रस्त्याने जाताना लोक हसून बाजूला होतात. वडील हयात होते तेव्हापासून तिला मिस्तरींखेरीज दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही.

मी न्यायालयात नाझर होतो. समन्स, जप्त्या, पंचनामे यांत नोकरी झाली. खोटा साक्षीदार कसा वागतो हे मी पुष्कळ पाहिले आहे. तो आधी मोकळेपणाने बोलतो आणि नेमक्या प्रश्नाशी गप्प होतो. माझी गाडी त्या हिवाळ्यात तेच करीत होती. घरातून नीट निघे, रेल्वे फाटक ओलांडी, वेग घेई. मग दोन-चार आचके देऊन बंद. काही वेळ उभी ठेवली की जणू काही झालेच नाही अशी पुन्हा सुरू होई.

मिस्तरींची ओळख करून द्यायची तर आधी त्यांच्या बोटांविषयी सांगितले पाहिजे. ती कधी थांबत नसत. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी हवेतल्या हवेत एखादा स्क्रू पिळत असल्यासारखी फिरत राहत. देवळात, बँकेच्या रांगेत, मयताच्या ठिकाणीसुद्धा. ते बसत नसत. चहा उभ्याने. बातम्या दुकानाच्या दारात उभ्याने. "बसा" म्हटले की म्हणत, "बसलो की कान बंद पडतेत."

एकदा एका लग्नात पंगतीत ते माझ्या शेजारी होते. तिथे बसावेच लागते म्हणून बसले होते. जिलबी वाढून झाली आणि बाहेर एक जीप सुरू झाली. तिचा एक ठोका चुकत होता. मला तो कळला नाही. आपल्यालाही कळला नसता. मिस्तरींचा घास हातात राहिला. दुसऱ्यांदा ठोका चुकला आणि ते पान सोडून उठून गेले. मुलीकडच्यांना वाटले, पाहुणा रुसला. मुलीचा बाप हात जोडून धावत बाहेर गेला.

"मिस्तरी, आमचं काय चुकलं?"

जीपच्या बॉनेटखालून उत्तर आले, "तुमचं काईच न्हाई. हिचा प्लग चुकलाय. जा, वाढून घ्या तुमी."

ते शिवभक्त घराण्यातले. कपाळावर विभूतीचे तीन आडवे पट्टे असत, ग्रीसच्या डागांतही स्वच्छ. दुकानात फळीवर एका डबीत विभूतीची वडी होती. कोणत्याही गाडीचे काम संपले की ते हात धुवत, वडी पाण्याच्या थेंबात उगाळत आणि तीन बोटांनी पेट्रोलच्या टाकीच्या टोपणावर तीन पट्टे ओढत. लोक हँडलला हार घालतात, टायरखाली लिंबू ठेवतात. यांचे मात्र टोपणच ठरलेले. मी एकदा कारण विचारले.

"आपण जेवायच्या आधी कपाळाला लावतो का न्हाई?"

"तुम्ही लावता."

"मंग. गाडीचं जेवायचं तोंड कोणतं?"

या युक्तिवादाला मी हरकत घेतली नाही. मी फक्त दर रविवारी, गाडी पुसताना, ओल्या फडक्याने ते टोपणही पुसून चकचकीत करीत असे.

दिवाळीनंतर गाडी बंद पडू लागली तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी निदान केले. "कारबेटर." ज्यांनी जुनी गाडी चालवली नाही त्यांच्यासाठी सांगतो: इंजिनाला नुसते पेट्रोल चालत नाही, हवाही लागते, आणि ती दोन्ही ठरल्या प्रमाणात मिसळण्याचे काम कारबोरेटर करतो. त्यात पेट्रोलची एक छोटी वाटी असते आणि सुईच्या नेढ्याएवढ्या भोकांचे पितळी जेट. कचऱ्याचा एक कण अडकला तरी इंजिन उपाशी राहते. तेव्हा निदान चुकीचे म्हणता येणार नाही. त्यांच्या जागी मी असतो तरी तेच केले असते.

त्यांनी कारबोरेटर उतरवला, रॉकेलमध्ये धुतला, जेट तोंडाला लावून फुंकले, उजेडाकडे धरून पाहिले. पुन्हा बसवला. नळी कानाला लावली. "आता खरं बोलंल," म्हणाले. टोपणावर विभूती ओढली. गाडी गावात दोन फेऱ्या उत्तम फिरली. चौथ्या दिवशी रेल्वे फाटकापुढे बंद.

मग वाटीतला तरंगता गोळा बदलला. विभूती. बंद. मग पेट्रोलच्या पंपाचा पडदा. विभूती. बंद. मग नळ्या, प्लग, पॉइंट. मिस्तरींना झोप लागेना. सकाळी फिरायला म्हणून निघत आणि माझ्या फाटकाशी येऊन थांबत. एकदा मी अंगणात उभा राहून स्पष्ट सांगितले,

"आज गाडीला हात लावायचा नाही."

"न्हाई लावत. नुसती बगतो."

"बघायचीही नाही."

"मंग च्या तरी?"

चहा दिला. उभ्याने प्यायले. तोंड माझ्याकडे होते, डोळे शेडकडे. खिशात स्क्रूचा पेचकस फिरत असल्याचा आवाज येत होता. कप ठेवता ठेवता म्हणाले, "नाझरसाहेब, तुमी घरात जाऊन एखादं काम असंल तर करून या." मी गेलो नाही. ते गेले, पण कोपऱ्यावर थांबून दोनदा वळून पाहिले.

त्यांचा मुलगा नांदेडला एका मोठ्या शोरूमच्या सर्व्हिस विभागात आहे. पन्नाशीला आलेला, शांत, नीटनेटका माणूस. त्याच्या बाजूनेही सांगितले पाहिजे. आई गेल्यापासून वडील एकटे होते. आदल्या पावसाळ्यात दुकानातच चक्कर येऊन पडले. शेजारच्या पंक्चरवाल्याने तोंडावर पाणी मारून उठवले. तेव्हापासून मुलगा म्हणत होता, आता नांदेडला चला. संक्रांतीला तो आला तेव्हा मी दुकानात होतो आणि मिस्तरी पुन्हा एकदा माझा कारबोरेटर धूत होते.

"अण्णा," तो म्हणाला, "कारबेटरची चारचाकी सगळ्या परभणीत आता एकच ऱ्हायलीय."

"एक हाय ना? मंग दुकान हाय."

"ती तरी चालायलीय का?"

मिस्तरींची बोटे रॉकेलमध्ये थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी साक्ष दिली नाही, देण्यासारखी नव्हती.

"ऐक," ते मुलाला म्हणाले. "ही गाडी पोखर्णीला जाऊन, न थांबता, इथं ह्या लिंबाखाली परत आली, तर तू पुन्हा नांदेडचं नाव काढायचं न्हाई. मधी थांबली तर किल्ली तुझी."

"अण्णा, असं अटीवर कुणी..."

"तुज्यासमोर जाऊ. मागं बस तू. नाझरसाहेब पंच."

मला विचारले नव्हते. तरी मी नकार दिला नाही.

म्हणून तीन मार्चला आम्ही तिघे निघालो. पेट्रोल मी सकाळी मिस्तरींसमोर भरले. पंपावर ट्रक, हॉर्न, भोंगे. शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नव्हते. मिस्तरी चालवायला, मी शेजारी, मुलगा मागे.

गाव सुटले. मग मुलाने मोकळेपणा आणण्याचा प्रयत्न केला.

"नाझरकाका, आमच्याकडं गाडी आली की आधी कंप्युटरला जोडतेत. तो सांगतो काय बिगडलंय. हिला जोडावं मनलं तर वायर लावायला जागाच न्हाई."

"जागा हाय," मिस्तरी म्हणाले. "तुज्या कानात."

ते हसले नाहीत. त्यांचा डावा हात डॅशबोर्डवर सपाट टेकलेला होता, वैद्याने पोटावर ठेवावा तसा. दोन्ही बाजूंनी ज्वारी कापून झाली होती. कडब्याच्या पेंढ्या उभ्या होत्या, कुठे पऱ्हाटीचे ढीग. प्रत्येक चढाला मिस्तरींचे ओठ हलत. एका पुलापाशी गाडीने एक आचका दिला. मुलाने खिडकीतून बाहेर पाहण्याचे नाटक केले. मिस्तरींनी पाय किंचित उचलला, पुन्हा टेकवला. गाडी सावरली.

पोखर्णी आले. गाडी देवळाजवळ सावलीत लावली आणि इंजिन बंद केले. अटीत तेवढी सूट होती. मी नृसिंहाच्या दर्शनाला निघालो. मिस्तरी बॉनेटवर हात ठेवून तिथेच उभे.

"येणार नाही?"

"देव तुमचा, रस्ता माजा. तुमी देवाला सांगा, मी हिला सांगतो."

दर्शन घेऊन परतलो तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांनी बंडीच्या खिशातून कागदात बांधलेला विभूतीचा तुकडा काढला, माझ्या तांब्यातले पाणी दोन थेंब घेतले आणि टोपणावर तीन पट्टे ओढले. नेहमीपेक्षा जाड.

"अण्णा," मुलगा म्हणाला, "आजून निम्मा रस्ता हाय. काम झाल्यावर लावता ना तुमी?"

"झालंच की. आली ती खरं बोलत आली."

परतीच्या वाटेवर ते पहिल्यांदाच आपणहून बोलू लागले. दुकानाचे शटर रंगवायचे आहे. लिंबाच्या फांद्या उतरवायच्या आहेत. मोटारसायकलींना पुढे जागा करायची आहे. मुलगा हूं हूं करीत होता. त्याच्या आवाजात हरल्याची नाराजी नव्हती, उलट सुटका झाल्यासारखे वाटत होते. वडिलांचा असा आवाज त्यानेही बऱ्याच दिवसांत ऐकला नसावा.

परभणी फार लांब राहिली नव्हती. गाडीने एक आचका दिला. मग दुसरा. मिस्तरींचे वाक्य अर्धे राहिले. तिसऱ्या आचक्याला इंजिन बंद पडले आणि गाडी स्वतःच्या वजनाने घरंगळत एका बाभळीपाशी उभी राहिली.

मिस्तरी उतरले, बॉनेट उघडले, पेचकसाने कारबोरेटरची वाटी सोडवली. ती कोरडी होती. त्यांनी ती उलटी करून तळहातावर आपटली. एक थेंब पडला.

"अण्णा, ऱ्हाऊ द्या आता," मुलगा म्हणाला. "चला. दुसऱ्या गाडीला दोर लावून नेऊ."

"थांब."

"चार महिने थांबलोच की. बरं, पेट्रोल तरी हाय का टाकीत?"

"सकाळी माज्यासमोर भरलंय."

"तरी बगा एकदा."

काटा बिघडून वर्षे झाली होती. टाकीत किती आहे ते काडी घालूनच पाहावे लागे. मिस्तरी रागातच वळले. बांधावरून ज्वारीचे एक धाट मोडून घेतले, गाडीमागे गेले आणि टोपण फिरवले.

सूऽऽस.

रस्ता रिकामा होता. वारा पडला होता. तो आवाज लांबलचक आला आणि थांबला. मिस्तरी धाट हातात धरून तसेच उभे राहिले.

"ऐकलं?" त्यांनी मला विचारले.

"ऐकले."

"काय ऐकलं?"

"हवा आत गेली."

त्यांनी मान हलवली. गोड्या तेलाचा डबा आपण पाहिला आहे. वाणी त्याला एकच भोक पाडत नाही; समोरासमोर दोन पाडतो. एकातून तेल बाहेर येते, दुसऱ्यातून हवा आत जाते. दुसरे नसले तर पहिल्यातून धार येत नाही. गाडीच्या टाकीचेही तसेच आहे. जेवढे पेट्रोल जाते तेवढी हवा आत यावी लागते, आणि माझ्या गाडीत ती येण्याची वाट म्हणजे टोपणाच्या मधोमध असलेले एक बारीक भोक. ते बंद झाले की टाकी आतल्या आत श्वास ओढत राहते. पेट्रोल पुढे सरकत नाही. कारबोरेटर उपाशी राहतो. उभी ठेवली की टोपणाच्या कडेने हळूहळू हवा शिरते आणि गाडी पुन्हा सुरू होते.

मिस्तरींनी टोपण सूर्याकडे धरले. भोकातून उजेड येत नव्हता. त्यांनी नखाने खरवडले. नखात पांढरे आले. वर ओले, आत दगडासारखे. त्यांनी ते दोन बोटांत चोळले, नाकाशी नेले. मग स्वतःच्या उजव्या हाताची तीन बोटे समोर धरून पाहिली.

आणि ते बसले. रस्त्याच्या कडेला, मुरमावर, पाय पुढे टाकून. त्यांना आपणहून बसलेले मी तेव्हाच पाहिले.

मुलाला आधी हसू आले. वडिलांकडे पाहिल्यावर ते गेले.

"चार महिने," मिस्तरी म्हणाले, "मी तिला खोटारडी मनलो. ती खरं बोलायली हुती. गुदमरायलेय, गुदमरायलेय, मनत हुती. आन मी काय केलं? दर बारीला कारबेटर धुतला, आन दर बारीला वरून आणखी एक बोट लावलं."

वस्तुस्थिती अपुरी मांडली जात होती, म्हणून मी बोललो. "लेप तुमचा. पण दर रविवारी ओल्या फडक्याने पुसून तो भोकात दाबला मी. हे एकट्याचे काम नाही."

"नाझरसाहेब, वकिली करू नका. वडलांनी केली तेवढी बास हाय."

मुलगा बाभळीकडे गेला आणि एक लांब काटा मोडून घेऊन आला. त्याने तो वडिलांच्या हाती दिला. मिस्तरींनी काटा भोकात घालून फिरवला. त्यांचा अंगठा आणि तर्जनी जन्मभर हवेत पिळत होती तशीच. पांढरा चुरा पडला. टोपण पुन्हा वर धरले. मधोमध उजेडाचा एक ठिपका दिसला.

वाटी बसवली. इंजिन दोन फेऱ्यांत सुरू झाले. त्यांनी रबरी नळी काढली, कानाला लावली, लगेच खाली ठेवली.

परभणीपर्यंत गाडी अशी आली की मला वडिलांचे दिवस आठवले. याहून अधिक लिहीत नाही.

लिंबाखाली उतरताच मुलगा म्हणाला, "अण्णा, ही थांबली मनायची न्हाई. कारबेटर ठीकच हुतं. इंजिन ठीकच हुतं. तुमी जितलात."

"थांबली का न्हाई?"

"थांबली, पण..."

"थांबली मंजी थांबली. पंच हायत, इचार."

मुलाने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "थांबली." त्याने मान फिरवली. मला दुसरे काही म्हणता आले नसते.

"किल्ली मी घेत न्हाई," मुलगा म्हणाला.

"घे. कारबेटर बिगडला असता, मला जमला नसता, तरी मी दुकान सोडलं नसतं. उद्या जमलं असतं. पण बिगाड कारबेटरात नव्हता, माज्या कानात हुता. ती काय मनायलीय ते चार महिने कळलं न्हाई. ज्याला गाडीचं कळंना, त्यानं पान्हा धरू नये. लोकाच्या गाड्या हायत, बाबा. लेकरंबाळं बसतेत त्यांत."

मुलाला हवे तेच मिळाले होते, आणि त्याचा चेहरा काही तरी हरवल्यासारखा झाला होता.

पुढच्या आठवड्यात ते नांदेडला गेले. तिथून दर रविवारी सकाळी फोन येई. "नाझरसाहेब, गाडी चालू करा." मी करीत असे. "बॉनेट उघडा. फोन जवळ धरा." धरीत असे. रस्त्याने जाणारे थांबून पाहत. एक म्हातारा इंजिनाला फोनवर बोलायला लावतो आहे, हे दृश्य त्यांना नवे होते. काही वेळाने फोनमधून आवाज येई, "हां. खरं बोलायलीय. टोपणाला फडकं लावलं न्हाई ना?" "नाही." "मंग ठेवा." प्रकृतीची चौकशी आम्ही एकमेकांची करीत नसू. इंजिनाची झाली की पुरे.

गेल्या वर्षी पोळा झाल्यावर एका शुक्रवारी मुलाचा फोन आला. त्याने आवाज सांभाळून सांगितले. मीही सांभाळून ऐकले. त्या रविवारी ठरल्या वेळी मी गाडी सुरू केली, बॉनेट उघडले आणि थोडा वेळ उभा राहिलो. मग बंद केली.

दिवसकार्य आटोपल्यावर मुलगा दुकानातले सामान पाहायला आला. मला सोबत बोलावले. शटरचे कुलूप दीड वर्ष कुणी उघडले नव्हते. दोन पावसाळे त्यावरून गेले होते. मुलाने हातोडी आणली होती. मी म्हणालो, आधी किल्ली लावून पाहा. ते एका वळशात उघडले. मुलगा कुलूप हातात धरून बराच वेळ दारातच उभा राहिला. त्या तीन मार्चची संध्याकाळ त्यालाही आठवली असावी.

त्या दिवशी किल्लीचा वाद संध्याकाळपर्यंत चालला. तो संपला तेव्हा मिस्तरींनी नेहमीप्रमाणे हात धुतले. फळीवरची डबी काढली, विभूती उगाळली आणि तीन बोटे घेऊन माझ्या गाडीमागे गेले. टोपणापाशी बोटे थबकली. मग ते फिरून पुढे आले आणि बॉनेटच्या सपाट पत्र्यावर, जिथे भोक नाही अशा जागी, तीन पट्टे ओढले. बोटांवर थोडी उरली होती. ती त्यांनी, मला न विचारता, माझ्या कपाळाला लावली. माझ्या घरी हा प्रघात नाही. मी पुसली नाही.

बाभळीचा काटा त्यांनी माझ्या गाडीच्या कप्प्यात ठेवला. हत्यारे एकेक करून फडक्यात गुंडाळली. दिवा मालवला. शटर खाली ओढले आणि कुलूप घातले. मुलगा किल्लीसाठी हात पुढे करून उभा होता. मिस्तरींनी किल्ली दिली नाही. खिशातून तेलाची छोटी कुपी काढली.

"अण्णा, दुकान तर बंद करायलो आपण. आता कुलपाला तेल कशाला?"

"बंद करायला तेल लागत न्हाई," ते म्हणाले. "उघडायला लागतंय."

त्यांनी कुलपाच्या भोकात दोन थेंब सोडले, किल्ली घालून ते उघडले, लावले, पुन्हा उघडले, पुन्हा लावले. आणि बाहेर ओघळलेले तेल अंगठ्याने पुसून घेतले.